टेपची शेपटी

कॅसेटकाकूंना मेलेल्या माणसांच्या तब्येतीची चौकशी करायची खोड होती. मुद्दाम नव्हे. किराणा दुकानात एखादे टक्कल पडलेले गृहस्थ शेजारी उभे राहिले की काकू आपुलकीनं विचारायच्या, “आईंचा गुडघा कसा आहे आता? जिना उतरताना फार जपून पाय टाकायच्या.” त्या गृहस्थांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आईला जाऊन कैक वर्षं झालेली, आणि ही बाई कोण तेही आठवत नाही. मग काकूंच्या डोक्यात प्रकाश पडायचा की तो गुडघा आपण गेल्या आठवड्यात टेपवर बघितला. सामानाची पिशवी उचलून त्या काढता पाय घ्यायच्या आणि रस्ताभर स्वतःला शिव्या घालत घरी यायच्या.

धंदाच तसा होता, त्याला त्या तरी काय करणार. लोकांच्या माळ्यावर, पलंगाखाली, कपाटाच्या डोक्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या व्हिडिओ कॅसेट त्या घ्यायच्या, कॉम्प्युटरवर उतरवायच्या, नको ते कापायच्या आणि उरलेल्याची डिस्क करून द्यायच्या. त्यांची खोली किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर होती. खाली त्याचं यंत्र किंचाळायला लागलं की वर काकू हेडफोन कानांवर गच्च दाबायच्या. खोलीत तीन व्हीसीआर होते, त्यातला एक नुसता सुट्या भागांसाठी ठेवलेला. टेबलावर स्पिरिटची बाटली, कापूस, नखं कापायची कात्री आणि डिस्कवर नाव लिहायचं जाड पेन. बॉलपेननं डिस्कवर लिहिणाऱ्या माणसाशी काकू शक्यतो बोलतच नसत.

गिऱ्हाईक आलं की आधी कॅसेटची झडप उघडून वास घ्यायचा आणि मग गिऱ्हाइकाला झापायचं, हा त्यांचा क्रम ठरलेला होता. बुरशी आली आहे, एवढी वर्षं झोपला होतात का, फ्रिजवर कुणी कॅसेट ठेवतं का. लोक मुकाट्यानं ऐकून घेत, कारण हे काम करणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं आणि काकूंना ते चांगलंच माहीत होतं.

टेप उतरायला टेपएवढाच वेळ लागतो. तिथं कुणाची घाई चालत नाही. दुसरा कुणी असता तर यंत्र लावून चहाला गेला असता, पण काकू पूर्ण वेळ पडद्यासमोर बसून राहायच्या. त्यामुळे शहरातल्या निम्म्या घरांचे पडदे, कपबश्या, भांडणं आणि हसण्याच्या तऱ्हा त्यांना पाठ झाल्या होत्या. इतरांची माणसं गेली की गेली. काकूंकडे ती मंगळवारी दुपारी पुन्हा चहा पीत बसलेली असायची.

मग कापाकापी. कॅमेरा बंद करायला विसरल्यामुळे आलेली फरशी, कुणाचा तरी अंगठा, छताचा पंखा, आणि लेन्समध्ये डोळा घालून “चालू आहे का?” विचारणारा मामा. काकूंच्या हिशेबी असा एक मामा प्रत्येक घराण्याला दिलेला असतो. हे सगळं त्या निर्दयपणे काढून टाकायच्या. हा हात त्यांना नवऱ्यामुळे बसला होता.

नवरा लग्नांचं शूटिंग करायचा आणि काकू घरी बसून जोडणी करायच्या. शूटिंग करताना तो खोकायचा. ऐन समारंभात, सगळं शांत झालं की कॅमेऱ्यामागून खोकला यायचाच. काकूंनी संसारभर तो खोकला डोळ्यांत तेल घालून शोधला आणि कापला. गिऱ्हाईक लग्नासाठी येतं, तुमच्या छातीसाठी नाही, असं वर त्याला ऐकवलंही. मूळ टेपा पुढच्या लग्नाला वापरल्या जायच्या, त्यात तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. तो गेल्यावर एक दिवस काकूंच्या लक्षात आलं की ज्या माणसानं शेकडो लोकांना टेपवर ठेवलं, तो स्वतः कुठल्याच टेपवर नाही. असलाच तर खोकल्यातच असणार. त्यांनी घरातली होती नव्हती ती प्रत्येक कॅसेट लावून बघितली. एकदासुद्धा खोकला सापडला नाही. काम चोख केलं होतं ना. त्या दिवशी काकू भिंतीकडे तोंड करून खूप रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा लोकांचे मामा कापायला बसल्या.

आता शेपटीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या शेपटीवर अडलेलं आहे. घरोघरी कॅसेट थोड्या असायच्या, तेव्हा जुन्यावरच नवं रेकॉर्ड करायची पद्धत होती. नवं संपलं की पडदा थोडा वेळ निळा व्हायचा. लोकांना वाटायचं, संपली टेप. पण टेप पुढे चालू ठेवली तर त्या निळ्यानंतर जुनं चित्र अचानक वर यायचं, कारण तिथपर्यंत नवं पोचलेलंच नसायचं. खाली दबलेल्या त्या उरल्यासुरल्या तुकड्याला काकू शेपटी म्हणायच्या. शेपटीत बहुधा क्रिकेटची मॅच निघायची. पण एकदा एका गृहस्थांच्या नव्या घराच्या टेपखालून त्यांचं पहिलं लग्न निघालं, आणि ते दुसऱ्या बायकोनं भरल्या घरात, पाहुण्यांच्या देखत बघितलं. पहिलं लग्न झालं होतं हेच तिला तेव्हा कळलं. त्या दिवशी काकूंनी कानाला खडा लावला. शेपटी आपण बघायची, कापायची आणि तोंडाला कुलूप घालायचं. गिऱ्हाइकानं वरचं द्यायला सांगितलेलं असतं, खालचं नाही.

ती मुलगी आली तेव्हा काकूंचा हा नियम जुना होऊन पक्का झालेला होता. मुलगी म्हणजे तशी पस्तिशीची, एका दंतवैद्याकडे काम करणारी. तिच्या हातात रुमालात गुंडाळलेली एकच कॅसेट होती. तिच्या पहिल्या वाढदिवसाची. आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती आणि तिला त्यांना डिस्क द्यायची होती. पेनड्राइव्ह नको म्हणाली, बाबांना तो टीव्हीत कुठून घालायचा ते अजून उमगलेलं नाही.

“कपाटात आईच्या कपड्यांखाली होती,” ती म्हणाली. “न सांगता आणली आहे. आमच्याकडे एवढी एकच टेप आहे. बाबांनी त्यानंतर कॅमेऱ्याला हातच लावला नाही. देऊन टाकला कुणालातरी.”

काकूंनी वास घेतला आणि नाक मुरडलं. बुरशी भरपूर होती. ही एकदाच चालेल, त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात जे मिळेल ते मिळेल, मग माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत. मुलगी कबूल झाली. डिस्कवर काय लिहू विचारल्यावर थोडी लाजली. “मिठू लिहा. घरात मला तेच म्हणतात. टेपमध्ये सगळे तेच ओरडताना दिसतील.”

टेपमध्ये सगळे तेच ओरडत होते. एका पत्र्याच्या ट्रंकेवर चादर घालून केक ठेवला होता. मागे खिडकीला पिवळ्या पट्ट्यांचा पडदा. एका तरुण बाईच्या मांडीवर वर्षाची पोर बसली होती आणि जमलेली माणसं “मिठू, इकडे बघ” करत होती. पोर कुणाकडेच बघत नव्हती. मामा होता, त्यानं चालू आहे का विचारलं. काकूंना एक गोष्ट मात्र वेगळी दिसली. ती आई हसत होती, पण एकदाही कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. एवढ्या वर्षांत काकूंनी लाजणाऱ्या आया बघितल्या होत्या, वैतागलेल्या बघितल्या होत्या. ही दोन्ही नव्हती.

पडदा निळा झाला. काकू सवयीनं बसून राहिल्या. निळं गेलं आणि तीच खोली आली, तोच पिवळ्या पट्ट्यांचा पडदा, फक्त ऊन जास्त. ट्रंकेवर चादर नव्हती. ट्रंकेवर एक मुलगा उभा होता. चारेक वर्षांचा, अंगात ढगळ पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर, बाह्या दुमडलेल्या. कॅमेऱ्यामागून बापाचा आवाज आला, “मिठू, ये. मार उडी.”

मुलानं उडी मारली आणि तो चित्रातून खाली गेला. कॅमेरा त्याला शोधत खाली आला. फरशीवर बसून मुलगा वर बघत होता, अगदी लेन्समध्ये. हसून म्हणाला, “परत.” आणि उठून ट्रंकेवर चढायला लागला. एक गुडघा वर टेकला, एक पाय खाली लोंबत राहिला, आणि चित्र संपलं. यंत्रातून कचकच आवाज आला. काकूंनी घाईघाईनं झाकण उघडून बघितलं तर टेप आतल्या गोल हेडला गुंडाळून चुरगळली होती. त्यांनी ती चिमट्यानं सोडवली, पण तो शेवटाचा भाग आता पुन्हा कधी चालणार नव्हता.

काकूंना हिशेब करायची गरज नव्हती. मुलगा आधीचा होता. मुलीनं भावाचा एका शब्दानं उल्लेख केला नव्हता, म्हणजे तिला माहीत नव्हतं. आणि घरातली हाक एकच होती. ती आधी मुलाची होती आणि मग मुलीला दिली.

नियम म्हणजे नियम. त्यांनी शेपटी कापली, वाढदिवस हळू वेगानं डिस्कवर उतरवला, म्हणजे धंद्याच्या भाषेत डिस्क जाळली, कारण घाईत जाळलेली डिस्क जुन्या प्लेअरवर अडखळते, आणि वर जाड पेननं मिठू असं लिहिलं. मुलगी घेऊन गेली. टेप शेवटाशी खराब झाली एवढंच काकूंनी सांगितलं. ते खरंच होतं.

काम पोचतं झालं की कॉम्प्युटरवरचं सगळं पुसायचं, हाही नियमच होता, कारण जागा पुरत नसे. काकू पुसायला बसल्या. वाढदिवस पुसला. शेपटीवर बोट आलं आणि घोडं अडलं. हे पुसलं की हा मुलगा कुठंच राहणार नाही, नवऱ्याच्या खोकल्यासारखा. उद्या बघू, असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाल्या.

आणि मग तो मुलगा त्यांच्या मागंच लागला. भुताखेतांवर काकूंचा विश्वास नव्हता. इतक्या मेलेल्या माणसांबरोबर दिवस काढल्यावर कुणाचा राहील? ती सगळी साधी माणसं असतात, त्यांना गुडघेदुखी असते. पण हा मुलगा वेगळा होता. तो अर्धवट राहिला होता. काकू चहा गाळत असल्या तरी त्यांना वाटायचं, तो अजून तसाच आहे, एक गुडघा वर, एक पाय लोंबता, आणि कुणीतरी त्याला हात द्यायला हवा. दुसऱ्याच कुणाच्या सहलीची टेप उतरवताना पडदा निळा झाला की त्यांची छाती धडधडायची. खाली किल्लीवाल्याचं यंत्र थांबलं की त्या शांततेत त्यांना स्पष्ट ऐकू यायचं, “परत.” एकदा किल्लीवाला बिघडलेली चावी घेऊन वर आला आणि त्यानं विचारलं की काकू, आज कुणाशी बोलताय. काकूंनी त्याला झापून परत पाठवला, आणि पाठवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ट्रंकेच्या मापाचं एक खोकं त्यांनी खिडकीपाशी आणून ठेवलंय. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांना भीती वाटली, हे खरं. त्या मुलाची नव्हे, त्याला पुसून टाकू शकणाऱ्या आपल्या बोटाची.

दहाबारा दिवसांनी मिठूचा फोन आला. आधी आभार मानले, मग घुटमळली. आई डिस्क बघून काहीच बोलली नाही म्हणाली. संपल्यावरही काळ्या पडद्याकडे बघत बसली, आणि मग विचारलं, एवढंच? बाबा तर अर्ध्यातच उठून गेले. मिठूला वाईट वाटलं होतं. “टेपवर आणखी काही होतं का हो?”

“एवढंच होतं,” काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांत लोकांच्या किती गोष्टी त्यांनी पोटात ठेवल्या होत्या, पण उघड खोटं बोलायची वेळ ही पहिलीच होती. फोन ठेवल्यावर त्यांना दिवसभर जेवण गेलं नाही.

त्यानंतर आई स्वतः आली. जिन्यावर पावलं ऐकूनच काकूंना कळलं, कारण एक पायरी, मग थांबणं, मग पुढची पायरी. दारात उभ्या राहिलेल्या म्हातारीला त्यांनी ताबडतोब ओळखलं. तोंडभर सुरकुत्या पडल्या होत्या, पण हनुवटी तीच होती, आणि समोरच्याकडे न बघता बोलायची तऱ्हाही तीच. काकूंनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. म्हातारी पाणी प्यायली, पेला खाली ठेवला आणि सरळ मुद्द्यावर आली.

“टेप मोठी होती, बाई. वाढदिवस छोटा होता. खाली काहीतरी राहिलंच असणार.”

काकूंनी रिकामा पेला उचलला.

“मला हे तेव्हापासून माहीत आहे,” ती म्हणाली. “पण बघायचं धाडस नाही झालं. नसतं राहिलं तर? न बघता ठेवली होती तोवर तो तिथं होता. लेकीनं कपाटातून उचलून तुमच्याकडे आणली आणि माझी झोप उडाली.”

मग तिनं सगळं सांगितलं, तुटक तुटक, मांडीवरच्या पिशवीचा बंद पिळत. मुलगा तापानं गेला. आजारपण आठवडाभराचंही नव्हतं. घरात त्याची ती एकच टेप होती, नवऱ्यानं हौसेनं कॅमेरा घेतला तेव्हा काढलेली. पुढे मुलगी झाली. तिला कुठल्या नावानं हाक मारायची हे कुणी ठरवलं नाही, एके दिवशी नवऱ्याच्या तोंडून मिठू निघून गेलं आणि पोर वळून हसली. मग तेच राहिलं. मुलीला सांगायचं सांगायचं म्हणता म्हणता इतका उशीर झाला की सांगायला तोंडच राहिलं नाही. भिंतीवरचा फोटो काढून ठेवला तो कायमचा.

वाढदिवसाला नवऱ्यानं कॅमेरा काढला. मुलाचं संपतं तिथून पुढे टेप कोरी होती आणि टेप तिथंच उभी आहे अशी त्याची खात्री होती. त्यानं बटण दाबलं. रात्री सगळे गेल्यावर बघायला बसले तेव्हा कळलं की मुलीचा वाढदिवस मुलावर चढला आहे. नवरा कॅमेरा मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. बघवत नव्हतं. पुढचं बघायच्या आधीच तिनं टीव्ही बंद केला.

“तेव्हापासून ते स्वतःला खातायत. मी माझ्या हातानं पुसलं, असं म्हणतात. वर्षातून एकदा तरी म्हणतात.” म्हातारी थांबली. मग पहिल्यांदा तिनं काकूंच्या डोळ्यांत बघितलं. “बाई, टेप मी मागे घेतली होती. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. हे कामावर गेले होते, पोर झोपली होती, मला त्याला बघायचं होतं. तिच्या वाढदिवसाच्या आधी एकदा त्याला बघावं, इतकंच मनात होतं. मागे घेतली आणि दारावर कुणीतरी आलं. बघितलीही नाही आणि पुढेही केली नाही. तशीच राहिली.”

“आणि त्यांना सांगितलं नाहीत?”

“त्या रात्री तोंडातून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोष स्वतःवर घेऊनच टाकला होता. मी घेऊ दिला.”

डिस्क बघताना नवरा अर्ध्यातून उठला तेव्हा त्याची पाठ बघून तिचा जीव तुटला होता, आणि म्हणून ती जिना चढून आली होती. काही राहिलं असेल तर ते घेऊन नवऱ्यासमोर जायचं आणि खरं सांगायचं. काही राहिलं नसेल तर नुसत्या रिकाम्या हातानं सांगायची ताकद तिच्यात नव्हती, हेही ती म्हणाली.

काकूंनी कॉम्प्युटर चालू केला. त्यांच्या मनात आलं की आपण हे पुसायला बसलो होतो.

मुलगा ट्रंकेवर उभा राहिला. म्हातारीनं हात पुढे केला आणि पडद्याच्या काचेपासून थोडा अलीकडे थांबवला. “मिठू, ये. मार उडी.” उडी. खाली बसलेला चेहरा. “परत.” एक गुडघा वर, एक पाय लोंबता, आणि संपलं.

“स्वेटर माझ्या भावाच्या लहानपणचा,” ती म्हणाली. “मोठा व्हायचा त्याला. म्हटलं, पुढच्या वर्षी बसेल.”

तिला डिस्क हवी होती. काकू म्हणाल्या, देते, पण हे एवढंसं आहे, बघेपर्यंत संपेल, सारखं रिमोटनं मागे घ्यावं लागेल. म्हातारी एकदम घाबरी झाली. मागे घ्यायच्या बटणाला हात लावायचा नाही मला, म्हणाली, या जन्मात नाही. काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना उपाय सुचला. दुकानदार लोक जाहिरातीसाठी मागतात तशी, संपली की आपोआप पहिल्यापासून सुरू होणारी डिस्क त्या करत असत. बटण नको, काही नको, घातली की चालू. बंद करेपर्यंत चालत राहते.

डिस्क जळायला वेळ लागला. दोघी बसून राहिल्या. खाली किल्लीचं यंत्र किंचाळलं आणि थांबलं. झाल्यावर काकूंनी ती तपासून बघायला प्लेअरमध्ये घातली, कारण न तपासता डिस्क देणं हेही त्यांच्या नियमात बसत नव्हतं. उडी, फरशी, परत, एक गुडघा वर. पडदा जराही निळा झाला नाही, नुसता एकदा लवला, आणि मुलगा ट्रंकेवर उभा होता.

“चढला,” म्हातारी म्हणाली.

इतके दिवस तो काकूंच्या मनात अर्ध्यावर लोंबकळत होता. त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि तिथलं ते खोकं पायानं बाजूला सारलं. डिस्कवर काय लिहू, असं त्यांनी सवयीनं विचारलं आणि लगेच जीभ चावली. म्हातारीनं थोडा विचार केला.

“काही लिहू नका,” ती म्हणाली. “मुलीला कसं सांगायचं, तेच अजून कळत नाही.”

ती गेल्यावर काकू पुसायला बसल्या नाहीत. कॉम्प्युटरवर जागा कमी पडली तर मामा पुसू, त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मिठू होती, आणि ती कुजबुजत बोलत होती. दवाखान्याला सुट्टी होती म्हणून आईकडे आली होती. आई-बाबा आतल्या खोलीत टीव्हीसमोर होते, दार लोटलेलं. बाबा रडत होते. तिनं जन्मात बाबांना रडताना ऐकलं नव्हतं. आई सारखी एकच गोष्ट सांगत होती, टेप मी मागे घेतली होती, तुम्ही नाही, मी घेतली होती.

“कसली टेप, काकू? तुम्ही आईला काय करून दिलंत? आणि आत कुठलं तरी लहान मूल आहे. सारखं परत, परत म्हणतंय. कोण आहे ते?”

काकूंनी तोंड उघडलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य त्यांचं नव्हतं, आणि या एका बाबतीत त्यांना आपला जुना नियम अजूनही बरोबर वाटत होता. “आत जा,” त्या म्हणाल्या. “आईजवळ जाऊन बस.”

“जाऊ कशी? मला भीती वाटते.”

तेवढ्यात फोनमधून, दाराआडून, काकूंना तो ओळखीचा आवाज आला, पस्तीसेक वर्षांपूर्वीच्या तरुण बापाचा, लांबून पण स्वच्छ. “मिठू, ये.”

फोनवरची कुजबुज थांबली. मग जन्मभराच्या सवयीनं, जराही विचार न करता, ती म्हणाली, “आले, बाबा.” आणि दार ढकलल्याचा आवाज आला.